पोरांनाही वापसा यावा लागतो

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं, कारण अगदी हेच माझ्याकडे २०१२ साली झालं होतं. तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळ देपालपूर रोडला सहा बिघे जमीन आहे, दोन खोल्यांचं घर आहे, मुलगा-सून बायपासच्या टाउनशिपमधून शनिवारी तिघा नातवंडांना घेऊन येतात, धाकटा ४ वर्षांचा, मधली ७ ची, मोठा ११ चा. तुम्ही हौसेने बैलगाडी सांगून ठेवलीत, झोका बांधलात, पतंग आणलेत, आणि तासाभरात तिघंही ओसरीवर बसून "आजी, बोअर होतंय, वायफाय आहे का?" आता मुलगा म्हणतोय छोटा पूल आणि घसरगुंडी बसवून टाकू, सूनबाईंना चिखलाची आणि सापाची धास्ती, आणि तुम्ही मधल्यामधे.

मी कृषी विभागात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी तरी तुमच्याच हातोद-देपालपूरच्या पट्ट्यात, बांधाबांधावरून चालत. रिटायर झाले त्याच वर्षी आमच्या यांनी आणि मी यशवंतसागर तलावाच्या बाजूला पाच बिघे नीट करायला घेतले. स्वतःची चार नातवंडं, त्यांचे मित्र, भाच्यांची पोरं, सोसायटीतली पोरं, असं धरून शंभरावर मुलं येऊन राहून गेली असतील. त्यामुळे जे सांगतेय ते चुका करून शिकलेलं आहे, आणि एक चूक तर फार महागात पडली, ती पुढे सांगते.

आधी मुद्द्याचं. पहिला तास काहीही करू नका. खरंच काही नाही. बैलगाडी नाही, गेम नाही, "चला मी तुम्हाला गाय दाखवते" नाही. तुम्हाला वापसा माहीतच असेल, इकडचे शेतकरी बतर म्हणतात. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाऊस पडल्या पडल्या वखर घातला तर नुसता चिखल होतो, ढेकळं होतात, वर्षभर निस्तरत बसा. आणि फार थांबलं तर जमीन दगड होते. मधे एक वेळ येते, माती हाताला चिकटत नाही पण भुसभुशीत असते, तेव्हा काम केलं की सगळं सोपं. पोरांचंही तसंच आहे हो. पाच दिवस शाळा, ट्यूशन, लिफ्ट, स्क्रीन, मग तासभर गाडीत एसी, आणि उतरल्या उतरल्या आपण त्यांच्यावर तुटून पडतो. त्यांना वापसा यायला तास-दीड तास लागतो, मोठ्या पोरांना जास्त. तो "बोअर होतंय" चा तास म्हणजे पाणी मुरतंय. आपण घाबरून त्या तासात काहीतरी करमणूक आणून ओततो, मग ते मूल दिवसभर प्रेक्षकच राहतं, आजीने पुढचा आयटम आणायचा आणि त्याने बघायचा.

माझ्या मोठ्या नातवाचा तो तास मला अजून आठवतो. बसला, लोळला, चिडला, मला म्हणाला, "तुझं शेत एकदम टाइमपास आहे." मी लसूण सोलत होते, म्हटलं हो. मग उठून उन्हाळ्याने जमिनीला पडलेल्या भेगेत काडी घालून बघायला लागला. काडी पूर्ण गेली. मग तुरीची तुराटी आणली, तीही जवळजवळ गेली. मग भावाला हाक मारली, मग दोघांनी दोरी आणली दगड बांधून, आणि पुढचे दोन तास शेतातली सगळ्यात खोल भेग कुठली याची मोजणी चालली होती. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, हे मी ३१ वर्षं शेतकऱ्यांच्या मीटिंगमधे सांगत आले, पण ती मोजावी असं मला कधी सुचलं नव्हतं.

पण ताई, हे "काही करू नका" म्हणजे आपण झोपायचं असं नाही. आपलं काम त्यांच्या येण्याआधीचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी एक पूर्ण चक्कर मारायची, डोळे मुलाच्या उंचीवर ठेवून, म्हणजे अक्षरशः चार ठिकाणी उकिडवं बसून बघायचं. गुडघे दुखत असतील तर रखवालदाराच्या पोराला बरोबर घ्या. ही चक्कर जितकी चोख, तितकं शनिवारी आपल्याला गप्प बसता येतं. ज्यांनी चक्कर मारलेली नसते तेच दिवसभर "अरे पडशील, अरे हात लावू नको, अरे इकडे ये" करत असतात, आणि तिसऱ्यांदा ऐकलं की पोरं ऐकणं बंद करतात, मग जिथे खरोखर ओरडायची वेळ येते तिथे आपल्या ओरडण्याला किंमत उरत नाही.

सगळ्यात आधी पाणी. तुमच्याकडे विहीर की शेततळं ते लिहिलं नाहीत. विहिरीला लोक तरी घाबरतात, जाळी लावतात. मला जास्त भीती प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याची वाटते, कारण ते दिसायला निवांत असतं, पण उतार आणि त्या कागदावरचं शेवाळ यामुळे आत पडलेला माणूस, अगदी पोहता येणारा मोठा माणूससुद्धा, बाहेर चढू शकत नाही, हात घसरतो. कुंपण घाला, कडी मोठ्यांच्या हाताला लागेल इतकी वर, आणि चारी बाजूंना खुंटीला बांधलेला, फूट-फूट अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा, एक हवा भरलेली ट्यूबही. तरीही नियम एकच, मोठं माणूस बरोबर नसेल तर तळ्याकडे जायचंच नाही. घराजवळची टाकी आणि गुरांचा हौद ४ वर्षांच्यासाठी तितकाच धोक्याचा, तो झाकून टाका. दुसरं म्हणजे बंद पडलेला बोअर. (पोरांना बोअर होऊ दे, पण बोअर उघडा नको.) केसिंगवर गोणपाट टाकून दगड ठेवलेला असतो नं, तो चालत नाही, लोखंडी झाकण वेल्ड करून घ्या किंवा कायमचा सोडलेला असेल तर तळापासून भरून टाका. मोटरचा स्टार्टर, उघड्या जोडाची केबल, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा नीट करा, ओल्या पायाची पोरं सगळीकडे फिरणार आहेत.

मग औषधं. आपण शेतीवाले लोक फवारणीच्या विषाला औषध म्हणतो, ही सवय पोरांसमोर मोडा, विषच म्हणा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे ७ वर्षांच्या मुलीला शिकवा, ती सगळ्या कोठीत त्रिकोण शोधत फिरेल म्हणून कुलूप आधी लावा. उरलेलं विष कोल्ड्रिंकच्या बाटलीत कुणी ओतून ठेवलेलं नाही ना हे स्वतः बघा, रखवालदाराच्या "नहीं नहीं बाई" वर राहू नका. आणि शुक्रवारी फवारणी झाली असेल तर त्या तुकड्यात शनिवार-रविवार कुणी जायचं नाही, नाहीतर फवारणीच सोमवारी ठेवा, ते सोपं.

आता माझी चूक. घराच्या मागच्या कुंपणाला रतनज्योत होती, मोगली एरंड म्हणतो आपण. गुरं खात नाहीत म्हणून इकडे बांधाला सर्रास लावतात. मला, कृषी खात्यातल्या बाईला, ती विषारी असते हे पूर्ण ठाऊक, पण घराच्या मागे आहे हे डोळ्यांना इतकं सवयीचं झालेलं की दिसेचना. माझी नात आणि तिची मैत्रीण, ६-७ वर्षांच्या, दुकान-दुकान खेळत होत्या, त्यांनी बिया फोडून "काजू" म्हणून खाल्ल्या. चवीला गोडसर लागतात त्या. दीड तासाने दोघींना उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. रात्रभर हॉस्पिटलमधे सलाइन. दुसऱ्या दिवशी दोघी ठणठणीत, पण त्या मैत्रिणीच्या आईच्या चेहऱ्याकडे मला आजही नीट बघवत नाही. सोमवारी ती सगळी रांग मुळासकट काढली. म्हणून सांगते, घराच्या आसपास रतनज्योत, एरंड, धोतरा, कण्हेर असेल तर काढा. गुंज तर मुद्दाम बघा, लाल-काळी बी इतकी सुंदर की कुठलंही मूल खिशात टाकणार, आणि चावली तर जीवघेणी. लांबच्या बांधावरची सगळी झाडं काढणं शक्य नाही, तिथे नियम साधा ठेवायचा, आजीला दाखवल्याशिवाय शेतातलं काही तोंडात नाही, अगदी बोरसुद्धा नाही. गाजरगवत कापून टाका, त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्यासारखंही होतं.

सापाचं सूनबाईंना खोटं सांगू नका की "आमच्याकडे नाहीत हो". शेत आहे, उंदीर आहेत, म्हणजे साप आहेत. नाग, मण्यार, घोणस तिन्ही आपल्या भागात आहेत. उलट त्यांना सांगा की आपण काय करतो. घराभोवती दहा-पंधरा फूट गवत कापलेलं, विटा-लाकडांचा ढीग भिंतीला लागून नाही, गोवऱ्यांच्या उडव्यात पोरांनी हात घालायचा नाही, अंधार पडला की टॉर्च आणि बूट. रात्री मुक्काम असेल तर कुणीही जमिनीवर झोपायचं नाही, खाट आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. हे मण्यारीसाठी. ती रात्री घरात येते, चावलेलं कळतही नाही, दातांची खूण दिसत नाही, आणि पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्या, असं सुरू होतं. असं काही झालं किंवा साप चावलाच तर दोर बांधायचा नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. हातातलं कडं-घड्याळ काढायचं, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, मुलाला चालवायचं नाही, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे अशा हॉस्पिटलला थेट. कुठे आहे ते आज फोन करून विचारून ठेवा, त्या रात्री नाही. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला तो नंबर, १०८, आणि एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, जायचा रस्ता खडूने लिहिलेला आहे. इतक्या वर्षांत सापासाठी एकदाही लागला नाही.

कुत्र्याने ओरखडलं तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन. धनुर्वाताचं बघून घ्या, ५ वर्षांचा डोस आणि १० वर्षांचा डोस झालाय का, तुमच्या ११ वाल्याचा दहाव्या वर्षीचा राहून गेला असण्याची दाट शक्यता, सगळ्यांचाच राहतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरांना बसवायचं नाही, भले ड्रायव्हर कितीही म्हणू दे. गहू काढणी आणि सोयाबीनच्या थ्रेशरच्या दिवशी पोरांना आणूच नका.

इतकं झालं की मग मात्र खरंच सोडा. पडू द्या, गुडघे फुटू द्या, झाडावर जितकं स्वतः चढता येतं तितकं चढू द्या (आपण उचलून वर ठेवायचं नाही, जो स्वतः चढतो तो बहुतेक स्वतः उतरतो). आमचा जुना सालदार मला दर शनिवारी म्हणायचा, "बाई, खेलने दो बच्चों को, आप तो चाय पियो." त्याच्याइतकं बालसंगोपन मला कुणी शिकवलेलं नाही.

वापसा आला की पोरांना काय लागतं? खेळणी नाही, काम. खरं काम, जे नाही झालं तर खरोखर अडेल असं. इथे आपण लोक चुकतो, प्लास्टिकची बादली आणि गुलाबी फावडं आणून देतो. पोरांना बरोब्बर कळतं की हे खोटं आहे. त्यांना खरं खुरपं द्या, लहान मुठीचं, खरं घमेलं, खरा दोर. लसणाच्या किंवा कांद्याच्या वाफ्यांना पाणी द्यायचं असेल तर ७ वालीला दारं धरू द्या. वाफा भरला की फावड्याने माती ओढून तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. एवढंच काम, पण पाणी आपण सांगू तिकडे जातंय हे कळलं की मूल दोन तास हलत नाही. पहिल्या वेळी दोन वाफे फुटतील, पाणी भलतीकडे जाईल. जाऊ द्या. आमचे हे सुरुवातीला दर वाफ्यामागे ओरडायचे, मग मी त्यांनाच गावात विळे धार लावायला पाठवून द्यायचे.

४ वर्षांच्याला काम म्हणजे पाणी आणि माती, बस. एक गळकं घमेलं, एक तांब्या, आणि तो सांडेल ते सगळं सांडू द्या. त्याला दर वेळी तेच करायचं असतं, आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही.

११ वाल्यासाठी मात्र डोकं लावावं लागतं, कारण त्याला लहान मुलांसारखं चिखलात खेळताना कुणी बघू नये असं वाटायला लागलेलं असतं. त्याला हुद्दा द्या. माझ्या नातवाला मी पावसाचा हिशोब दिला होता. सरळ उभ्या भिंतीची बाटली, वरचा भाग कापून उलटा घालून नरसाळं, तळाची वाटोळी जागा सिमेंटने सपाट भरलेली, बाहेरून पट्टी चिकटवलेली, झालं पर्जन्यमापक. मधल्या दिवसांचे आकडे रखवालदार भिंतीवर लिहायचा, हा शनिवारी बेरीज करायचा. आता यातली गंमत ही की सोयाबीन पेरायला निदान १०० मिलीमीटर पाऊस झालेला असावा अशी शिफारस आहे, आपल्या इंदूरचीच सोयाबीन संशोधन संस्था ते दर वर्षी सांगते. तर पेरणी कधी करायची ते हा ११ वर्षांचा पोरगा सांगणार. एका वर्षी ७२ वर अडकलं, शेजारच्यांनी पेरून टाकलं, आमचे हे अस्वस्थ, आणि हा म्हणे "आबा, २८ कमी आहे." थांबलो. शेजाऱ्यांना दुबार करावी लागली. त्यानंतर त्या पोराने शेतावर वायफाय मागितलेलं मला आठवत नाही. (त्याच्या पुढच्या वर्षी आमचा अंदाज साफ चुकला, तेही त्याच्याच वहीत आहे.)

आणि एक काम इंदूरकरांनी तर करायलाच हवं, कंपोस्टचा ढीग. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे इंदूरला होते, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत तेव्हा त्यांची संस्था होती, आणि त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून खताची जी पद्धत बसवली ती जगभर आजही "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. आपल्याला पोहे-जलेबीचं कौतुक, याचं कुणाला सांगायला नको. तर काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी राख आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती, असे थरावर थर कमरेएवढे. पाणी शिंपडायचं, चिंब नाही करायचं. पोरांना शेणात हात घालायला सुरुवातीला ईईई होतं, पाच मिनिटांनी एकमेकांना लावत असतात. मग पुढच्या शनिवारी ढिगात मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटं ठेवायची आणि बाहेर काढायची. आधी आपण हात लावून बघायचा, कारण ढीग नीट लागला असेल तर आत ६० डिग्रीपर्यंत जातं, चटका बसतो. थंडीच्या सकाळी ढिगातून वाफ निघताना बघून माझ्या नातीने विचारलं होतं, "आजी, हा जिवंत आहे का?" आता याला काय उत्तर देणार, हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. तीन महिन्यांत दोन-तीनदा उलटापालट केला की खत तयार, आणि ते पोरांनी पोत्यात भरून आपल्या टाउनशिपच्या कुंड्यांना नेलं की सूनबाईही खूश.

ऋतूचं थोडक्यात सांगते. जूनच्या पहिल्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे निघतात, चारच दिवस, तेव्हा परीक्षा असो नसो पोरांना आणाच. तळहातावर चालू द्यायचे, डबीत भरून घरी न्यायचे नाहीत. जुलै-ऑगस्टमधे बाभळीवर सुगरणींची घरटी विणताना बघायला मिळतात, आणि आपल्या चिखलाने एकेक बूट दोन किलोचा होतो, त्याचीच शर्यत लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर विचारूच नका. हरभऱ्याचे टहाळ उपटून काट्याकुट्यांच्या जाळावर हुळा भाजायचा, हात-तोंड काळं करून खायचं. संध्याकाळी बाफले गोवऱ्यांवर लावा, पीठ मळायचं आणि गोळे करायचं काम पोरांना, वाकडेतिकडे झाले तरी तुपात सगळे सारखे. आणि तुम्ही यशवंतसागरपासून फार लांब नाही, गव्हाच्या शेतात सारसाची जोडी उतरली तर सोडू नका. उभा सारस सहा फुटांपर्यंत भरतो, तुमच्या ११ वाल्याहून उंच. त्यासाठी दहा मिनिटं न बोलता बसावं लागतं, आणि पोरं बसतात, मी पाहिलंय. फेब्रुवारी-मार्चमधे पळस फुलला की फुलं गोळा करून रात्रभर भिजवा, रंगपंचमीला तोच रंग, राजवाड्याच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, पाठवायच्या आधी घरच्या घरी भिजवून घ्या सगळ्यांना. एप्रिल-मेमधे मात्र सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ नंतर, मधल्या वेळात घरात पत्ते आणि पन्हं, लू ही गोष्ट चेष्टेची नाही.

पाताळपाणीचा धबधबा, गुलावटचं कमळतळं वगैरे शेतावर आलेल्या दिवशी करू नका हो. लोक एका रविवारात सगळं कोंबतात आणि पोरं परत गाडीतच बसतात. वेगळ्या दिवशी जा.

मोबाईलचं. पोरांचा काढून घ्यायच्या आधी मोठ्यांचा बघा. माझ्याकडे एक टोपली आहे दारात, सगळ्यांचे फोन त्यात, माझाही, एक फोन फक्त चालू आणि तो माझ्या कमरेला, अडीअडचणीसाठी. सर्वात जास्त कुरकुर मुलांच्या बापांनी केली, पोरांनी नाही. फोटोसाठी म्हणून सुद्धा फोन बाहेर काढू नका, कारण फोटो काढला की पोर खेळणं सोडून पोज देतं आणि मग "दाखव, दाखव", गेला अर्धा तास. दुपारी जेवण झाल्यावर एकदा काय ते फोटो काढा.

सूनबाईंशी वाद घालू नका. त्यांची भीती बरोबरच आहे, फक्त तिला काम द्या. शुक्रवारची चक्कर जमेल तेव्हा त्यांनाच बरोबर घेऊन मारा, कुठली झाडं काढली, दोर कुठे, नंबर कुठे, सगळं दाखवा. माझ्या सुनेने दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या वेळी तिनेच मला एक सैल पायरी दाखवली. कपड्यांसाठी एक जुना जोड शेतावरच ठेवा, बाहेर नळाखाली धुवून तिथेच वाळत, गाडीत चिखल नाही, भांडणाचं अर्धं कारण तेच असतं. आणि डोळ्यांचा मुद्दा सांगा, तो आयांना पटतो. चीनमधल्या ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेत रोज फक्त ४० मिनिटं जास्त बाहेर उजेडात ठेवलं, तीन वर्षांनी बघितलं तर लांबचं न दिसण्याचा नंबर नव्याने लागलेली मुलं ३०.४ टक्के, आणि नेहमीसारखं ठेवलेल्यांत ३९.५ टक्के. २०१५ साली छापून आलंय. म्हणजे आठवड्याला एकदा शेतावर आणून डोळे वाचतील असा याचा अर्थ नाही, रोज टाउनशिपच्या बागेतही पाठवा, पण उजेडात असणं ही चैन नाही एवढं त्यांना कळेल.

पूल आणि घसरगुंडीचं मुलाला स्पष्ट नाही म्हणा. पूल म्हणजे राखण करायला अजून एक पाणी. घसरगुंडी तिसऱ्या रविवारी कुणी बघत नाही. त्या पैशाच्या अगदी थोड्या भागात दोन ट्रॉली वाळू आणि एक ट्रॉली पिवळी माती घराच्या सावलीच्या बाजूला टाकून घ्या, नळाला लांब पाइप, काही जुन्या फळ्या, टायर, बांबू, दोर. काय करायचं ते सांगू नका. (वाळू रात्री झाकायची, नाहीतर मांजरं घाण करतात.) वाळूचा ढीग माझ्याकडे धरण झालाय, किल्ला झालाय, एकदा पूर्ण इंदूर बायपास झाला होता टोलनाक्यासकट, आबांकडून दर फेरीला दोन रुपये.

शेवटचं एक, रविवारी निघताना काम अर्धवट ठेवूनच पाठवा. धरण अर्धं, ढीग अर्धा, मोजणी अर्धी. "पूर्ण करून जाऊ या" असं मुलगा म्हणेल, ऐकू नका. मागच्या एप्रिलमधे टिटवीने आमच्या पडीक तुकड्यात चार अंडी घातली होती, उघड्यावरच, खड्यांसारखी दिसतात. गावात म्हणतात चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. धाकट्याने लांबून दगडांचं कुंपण केलं आणि गेला. बुधवारी फोन, पिल्लं निघाली का. साधारण २६-२८ दिवस लागतात म्हटलं. शुक्रवारी परत फोन. पुढच्या मंगळवारी मी बघायला गेले तर अंडी नव्हती, मुंगसाने नेली असणार. फोन आल्यावर खरं तेच सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "ती परत घालेल?" म्हटलं बहुतेक घालेल, पण कुठे ते तुलाच शोधावं लागेल. शनिवारी सकाळी सव्वासहाला गाडी दारात होती, आणि मागच्या सीटवरून तो आधीच बूट घालून उतरला.